सकाळचा आळस

प्रातःकाळी उठण्याचे माहात्म्य आम्ही ३६ वर्षे शाळेत शिकविले. संस्कृताच्या तासास आळसाची निंदा करणारी सुभाषिते मुलांकडून घोकून घेतली, आणि जे वर्गात सांगितले तेच घरातही चालविले. मुलुंडास आमचे एकत्र कुटुंब आहे : आम्ही उभयता, आमच्या वडील भगिनी, चिरंजीव, सूनबाई आणि नातू. सहाच्या ठोक्यास चहा आणि सातपर्यंत डबे तयार, हा क्रम आमच्या मातुःश्रींच्या वेळेपासूनचा. त्या क्रमाच्या अभिमानापायी आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची ही हकीकत आहे. ती सांगताना संकोच वाटतो. परंतु तसाच अन्याय दुसऱ्या एखाद्या सुशिक्षित घरात नकळत चालू असेल, या शंकेने ती सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते.

सूनबाईचे वय त्या वेळी ३४ होते. घरचे आटोपून ती सव्वाआठची गाडी गाठी व फोर्टातील आपल्या कचेरीत जाई. एका पावसाळ्यात तिचे सकाळचे काम मंदावले. चहास सात वाजू लागले. कणीक मळता मळता ती मध्येच थांबे. डब्याचे झाकण नातवाकडून उघडून घेई. एकदा तर चहाचे पातेलेच तिच्या हातून निसटले. विचारले असता म्हणे, “बाबा, सकाळी बोटे मिटतच नाहीत.” आणि तीच बोटे दुपारी कचेरीत संगणकावर चालत, रात्री नातवाच्या वह्यांना कव्हरे घालीत! सकाळी आजारी आणि दुपारी बरी, असला रोग आम्ही कधी ऐकला नव्हता. आमच्या भगिनी म्हणाल्या, “कामाच्या वेळेसच बरा दुखतो हात!” आम्ही त्यांना आवरले नाही. उलट एके दिवशी चहास उशीर झाला तेव्हा नातवास समोर बसवून आळसावरील एक सुभाषित त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले. ते कोणासाठी होते, हे स्वयंपाकघरात कळल्यावाचून राहिले नाही.

उपाय केले नाहीत असे नव्हे. दुखणे म्हणजे वात, आणि वात म्हणजे आंबट वर्ज्य, या न्यायाने तिचे ताक, चिंच व लिंबू बंद झाले. चिरंजीवांनी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. पुढे एका परिचिताच्या सांगण्यावरून आम्ही स्वतः बिननावाच्या पुड्या आणल्या. त्यांनी चार दिवसांत असा गुण आला की आम्ही चार घरी त्यांची शिफारस केली. दोन महिन्यांत सूनबाईचा चेहरा गरगरीत सुजला; आणि पुड्या थांबविताच दुखणे दुपटीने उलटले. असे सुमारे वर्ष गेले.

माघातील एका पहाटे आम्ही पाणी पिण्यासाठी उठलो, तो स्वयंपाकघरात दिवा दिसला. सूनबाई पाटावर बसली होती आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात तिने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडविले होते. आम्हांस पाहताच तिने दचकून हात बाहेर काढले. मनगटे व बोटांची पेरे सुजून तकतकीत झाली होती.

“किती वाजता उठतेस तू?” आम्ही विचारले.

“साडेचारला, बाबा. तासभर शेक घेतला म्हणजे बोटे थोडी वळतात. तरी चहाला उशीर होतोच.”

ज्या मुलीस आम्ही आळशी ठरविले होते, ती कित्येक महिने घरातील सर्वांच्या आधी उठत होती. सुभाषिते शिकविण्यात आयुष्य गेलेल्या मनुष्यास याहून कडक शासन ते कोणते?

त्याच आठवड्यात आम्ही तिला संधिवाताच्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो?” जो विसंगतपणा आम्हांस ढोंग वाटला होता, तीच या रोगाची खूण निघाली. रोगाचे नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दाह वाढविणारी द्रव्ये पहाटे चढतात आणि रात्रभर सांधे हललेले नसतात; म्हणून सकाळी एक-दोन तास हात आखडलेले राहतात आणि हालचालीने मोकळे होतात. उतारवयात गुडघे झिजतात त्या दुखण्यात ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो, आणि श्रमाने वेदना वाढते. येथे प्रकार उलटा. शिवाय हा रोग बहुधा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांत एकदमच येतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर पाहणी सुरू केली. तीत शेकडा अर्ध्या प्रौढांस, म्हणजे दोनशांत एकास, हा रोग आढळला. तेव्हा तो दुर्मिळ म्हणता येत नाही.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. ‘आर. ए. फॅक्टर’ ही त्यांतील प्रसिद्ध तपासणी; परंतु ती काही रोग्यांत निर्दोष येते आणि काही निरोगी माणसांत सदोष. म्हणून ‘अँटी-सीसीपी’ ही दुसरी तपासणी, दाहाची मोजणी आणि हाताची प्रत्यक्ष परीक्षा ही सर्व मिळून निदान होते. क्ष-किरणचित्रात दोन बोटांच्या हाडांस कुरतडल्यासारख्या खाचा दिसल्या. तज्ज्ञ म्हणाले, “पहिल्या काही महिन्यांत आला असता तर कदाचित या वाचल्या असत्या.” ते रागाने म्हणाले नाहीत; पण आम्हांस ते वाक्य अद्याप ऐकू येते.

पुड्यांचेही कोडे उलगडले. त्यांत स्टेरॉइड असावे, असा तज्ज्ञांनी लक्षणांवरून तर्क केला. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी याच रोगावर कॉर्टिझोन प्रथम दिले, तेव्हा खिळलेले रोगी काही दिवसांत चालू लागले. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु हे औषध वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून आणि थोडे दिवस घ्यावयाचे. ते चोरून दिलेले आणि एकाएकी थांबविलेले घातक ठरते.

आमच्या कपाटात ‘माधवनिदान’ हा ग्रंथ आहे. त्यात माधवकरांनी सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी आमवाताचे स्वतंत्र प्रकरण लिहिले असून सांधेदुखीस विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. तो आमवात आणि हा रोग तंतोतंत एकच, असे म्हणवत नाही. परंतु अशी वेदना आमच्या पूर्वजांनी खरी मानून नोंदली होती. आम्ही तो ग्रंथ पुसून ठेवीत होतो आणि घरातली वेदना मात्र खोटी मानीत होतो.

उपचारांतील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत या जातीची औषधे तयार झाली. ती प्रथम कर्करोगावर वापरली गेली. संधिवातासाठी तिकडे १९८८ साली मान्यता मिळाली. सुब्बाराव १९४८ सालीच निवर्तले होते. या औषधाविषयी एक गोष्ट प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी : गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. आमच्या घरी दिनदर्शिकेवर रविवारास लाल वर्तुळ असते, आणि फॉलिक ॲसिडची गोळी तज्ज्ञांनी सांगितलेल्या निराळ्या दिवशी. रक्ताची व यकृताची तपासणी ठरावीक काळाने होते. गरोदरपणी हे औषध मुळीच चालत नाही. मूल हवे असल्यास ते आधीच सांगून औषध बदलून घ्यावे लागते. गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात धीर सुटतो. तो सांभाळणे हे घरच्यांचे काम. एवढ्याने न भागल्यास जैविक औषधांची इंजेक्शने आहेत. ती महाग असतात आणि त्यांपूर्वी क्षयाची तपासणी करावी लागते.

उरलेले औषध स्वयंपाकघरात होते. आता कणीक चिरंजीव मळतात. कपडे कोणी हातांनी पिळीत नाही. उलथन्याच्या व झाऱ्याच्या दांड्यांस कापड गुंडाळून त्या जाड केल्या आहेत. पातेले एका हाताने न उचलता दोन्ही तळव्यांवर धरण्याचा नियम आहे. नळास लांब दांडीच्या तोट्या बसविल्या आहेत. सांधे गरम असतील त्या दिवशी विश्रांती आणि एरवी रोज सांगितलेला व्यायाम. ताक व लिंबू पुन्हा ताटात आले. त्यांनी दुखणे वाढल्याचे काही दिसले नाही.

आज सूनबाई पुन्हा सव्वाआठची गाडी गाठते. उजव्या हाताची दोन बोटे मात्र वाकडी झाली ती झालीच. एकदा आम्ही तिला म्हणालो, “मुली, चूक आमची.” ती म्हणाली, “बाबा, मीही मोठ्याने सांगायला हवे होते.” ते तिचे औदार्य. मोठ्याने सांगितलेले ऐकू येईल असे घर आम्ही तिला दिले नव्हते, हे आम्ही जाणतो.

वाचकहो, आपल्या घरातील कोणी स्त्री सकाळी मंद आणि दुपारी चपळ दिसत असेल, तर निवाडा करण्यापूर्वी तिची बोटे हातात घेऊन पाहा. सुजलेली असल्यास महिना दवडू नका.

चहा आमच्या घरी आता सातास होतो. तो आम्ही करतो.