पस्तीस कसे आले?

५२ वजा २७. तिसरीच्या वर्गात बऱ्याच मुलांचं उत्तर ३५ येतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सरळ सातातून दोन काढतात नि पुढे सरकतात. उत्तर चुकीचं, पण त्यामागे रीत असते. ती सापडली की निम्मं काम झालं. अशा वेळी फुली मारायची नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवायच्या नि म्हणायचं, "मला सात सुट्या दे बरं." मूल अडतं. गठ्ठ्यांकडे बघतं, माझ्याकडे बघतं. आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं, तर हातचा समजला. मी सांगितल्यावर काढलं, तर नाही. तेवढा वेळ तोंड मिटून बसणं हेच या धंद्यातलं अवघड काम.

त्यालाच सवड मिळत नाही. शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीला भागाकारात गुंतवून तिसरीजवळ बसावं, तर शाळांच्या केंद्राच्या मोबाइल-गटावर 'अतितात्काळ' निरोप येऊन पडतो. कुणाचं आधार मिसमॅच, आणि ते जुळलं नाही तर पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पोर धरलं जाईल की नाही, ही धास्ती. पोषण आहार रोजचाच: डोई शंभर ग्रॅम तांदूळ, साठा, चव रजिस्टर. खिचडीबद्दल माझी तक्रार नाही, उपाशी पोराला हातचा कळत नाही. पण तांदळाचा हिशेब गुरुजी-बाईंनीच का ठेवायचा?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नका म्हणतं. वाचायला छान आहे. निवडणूक येते-जाते, बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून दिलेली मतदारयादी मात्र वर्षभर काखेत असते.

"तुम्हाला काय, सातवा आयोग!" असं पारावर ऐकवतात. मला आज तो पगार आहे, खोटं कशाला बोलू? पण २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकला मानधन होतं महिना ३,००० रुपये, तेही नोकरीची पहिली तीन वर्षं. वाढत वाढत ते १६,०००वर यायला २०२३ उजाडलं. घरभाडं नि गावी पैसे पाठवणं त्यातच.

माझी एक मैत्रीण अंशतः अनुदानित शाळेत मराठी शिकवते. वीस टक्क्यांचा टप्पा मिळाला तेव्हा तिनं पेढे वाटले. उरलेल्या ऐंशीचं विचारलं तर हसली. शाळा सुटली की शिकवण्या, म्हणून निबंधाच्या वह्या ती एसटीत तपासते. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करता येतात. मुलाला नेमकं काय म्हणायचं होतं, ते विचारायला मूल शेजारी नसतं. शिकवण्यांच्या मुलांना मात्र ती विचारते. त्यांचे आईबाप त्याचेच पैसे देतात.