'बदक'नंतर 'पोपट'

धडा त्याला तोंडपाठ होता, वाचता मात्र येत नव्हता. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा हे पटकन ध्यानात आलं नाही, कारण पुस्तकावर बोट फिरवत तो झकास 'वाचायचा'. संशय आला तो त्या बोटामुळेच. तोंड ओळ संपवून पुढे गेलेलं असे आणि बोट अजून दुसऱ्या शब्दावर. मग मी त्याच धड्यातले शब्द फळ्यावर मागेपुढे करून लिहिले. गाडी अडली. 'पाखरू' लिहिलं होतं, त्याने पुस्तकातलं चित्र आठवून 'चिमणी' सांगितलं.

हाच मुलगा तोंडी हिशोबात पुढे. गोष्ट सांगायला लागला की वर्ग कान टवकारून ऐकायचा. 'लक्ष देत नाही, आळशी आहे' हा शेरा त्याच्या जुन्या वहीत होता. तो मला पटेना. मनात डिस्लेक्सियाची शंका आली.

'तारे जमीन पर' 2007 साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. त्या चित्रपटाचे उपकार मोठेच. पण तेव्हापासून लोक फक्त उलटी अक्षरं शोधत बसतात. अक्षरं उलटी तर पहिलीतली कितीतरी मुलं काढतात आणि यथावकाश सुलटी करतात. शिवाय लक्षणांच्या याद्या बहुतेक इंग्रजीच्या, बी आणि डी यांच्या गोंधळाच्या. मराठी वहीत काय दिसतं?

त्याच्या वहीत 'पाऊस' एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल तिसरीतही चालूच. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर, काढायची मात्र अक्षराच्या आधी. ती हमखास भलत्याच अक्षराला लागायची. 'सूर्य'मधला रफार गायब. फळ्यावरून उतरवताना एकेका अक्षरासाठी मान वर, मान खाली. 'पंचवीस' म्हटलं की 52, कारण कानावर आधी पाच पडतो. (2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असंही म्हणायची सोय आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! अशा मुलांचा विचार करून मला ती सोय आवडली होती.) ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र मी मोजल्या नाहीत. ती खूण धरली तर निम्मा महाराष्ट्र रांगेत उभा करावा लागेल.

खरा उलगडा झाला भेंड्यांत. पावसाने मैदान बंद असलं की आम्ही शब्दांच्या भेंड्या खेळतो. 'बदक' आलं, त्याला 'क'वरून सांगायचं होतं. तो म्हणाला, 'पोपट'. पोरं खो खो हसली. पण उत्तर बिनडोक नव्हतं. पक्ष्यामागून त्याने पक्षीच दिला होता. अर्थ पकडला होता, शेवटचं अक्षर कानात सुटं झालंच नव्हतं. नंतर त्याला एकट्याला विचारलं, "'सागर'मधला 'ग' काढला तर काय उरेल?" थोडा विचार करून म्हणाला, "पाणी."

डिस्लेक्सियाची मुळं बहुतेकदा इथे असतात. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांना जोडणं, हेच अवघड जातं. म्हणून चष्मा लावून ते जात नाही. तरी डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेच लागतात. ते घेतले, दोन्ही ठीक निघाले.

वडिलांना बोलावलं. ते टेम्पो चालवतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर ते कधीच लिहीत नाहीत, आवाजातच निरोप पाठवतात. माझं सगळं ऐकून म्हणाले, "बाई, मलाबी असंच व्हायचं. अक्षरं दिसायची, शब्द काय हाताला लागायचा न्हाई. सातवीत शाळा सोडली." ही अडचण घराण्यातून येऊ शकते, हे मी वाचलेलं होतं. त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हंजे पोरगं ढ न्हाई ना?"

निदान करणं शिक्षकाचं काम नव्हे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आली आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाली की सरकारी रुग्णालयातून तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळतं. त्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. हेलपाटे बरेच पडले, पण कागद हातात आला.

कागदाने वाचन येत नाही. आम्ही टाळ्या वाजवून शब्द तोडतो, वाळूत अक्षर गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने काढतो, गोष्ट तो सांगतो आणि मी लिहून घेते. मग स्वतःचीच गोष्ट तो वाचतो. वेग अजून कमीच आहे. न पाहिलेला उतारा दिला की घाम फुटतो. पण आता तो अंदाजाने ठोकून देत नाही, अडला की थांबतो आणि शब्द फोडायला लागतो.

त्याची धाकटी बहीण यंदा पहिलीत आली. तिच्याशी मी पहिल्याच आठवड्यात भेंड्या खेळून घेतल्या. मी 'कमळ' म्हटलं, तर ती कंबरेवर हात ठेवून भांडायलाच उठली, "ळ वरून शब्दच नसतो, बाई! दुसरा सांगा."