चिपचं प्रूफ कोण वाचणार?

दिवाळीत भाचा खामगावला आला होता. पुण्यात चिप व्हेरिफिकेशनचं काम करतो. विचारलं, "म्हणजे नेमकं काय रे?" म्हणाला, "मामा, तुमचं प्रूफरीडिंगच. फक्त आमच्यात दुसऱ्या दिवशी 'दुरुस्ती' छापता येत नाही."

पटलं. इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराच्या तक्त्यातल्या काही नोंदी सुटल्याचं १९९४ मध्ये उघड झालं. कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला.

म्हणून चिप कारखान्यात जाण्याआधी संगणकावर हजारो चाचण्या होतात. एखादी फेल गेली की लांबलचक लॉगमध्ये चूक हुडकायची. नवख्या पोरांचे दिवसच्या दिवस त्यात जायचे. आता एआय एकसारख्या फेल चाचण्यांचे गठ्ठे लावतं, संशयाची जागा दाखवतं. "पण चिपनं काय करायला पाहिजे होतं, ते माणसालाच ठरवावं लागतं," भाचा म्हणाला.

माझी काळजी वेगळीच. पोरं लॉग वाचूनच शिकायची. ती पायरीच गेली, तर शेगाव-चिखलीच्या कॉलेजातून निघालेलं पोरगं वर चढणार कसं? चूक हुडकायचं काम आता कॉलेजातच शिकवावं लागेल.

मीही प्रूफं वाचता वाचताच पत्रकार झालो, भाऊ.