बर्फवाल्यांचा पावसाळी कॅम्प

स्नोबोर्डिंग क्लबची पोरं जून महिन्यात काय करतात, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. मलाही पडला नव्हता. उत्तर असं की ती कॅम्पिंगला जातात, पावसात भिजतात, आणि सोबत एखादा लेफ्टनंट कर्नल असेल तर त्यालाही भिजवतात.

या पोरांची आणि माझी ओळख गुलमर्गची. कॅप्टन असताना तिथल्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये विंटर वॉरफेअर कोर्स केला होता, त्यामुळे स्कीइंग येत होतं. खोऱ्यात पुन्हा पोस्टिंग आली तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि अशा वयात स्नोबोर्ड शिकायची हौस आली. स्कीमध्ये निदान दोन पाय दोन फळ्यांवर असतात. इथे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. पडायचं कसं हेच आधी शिकावं लागतं.

पहिल्या दिवशी टंगमर्गच्या एका चोवीस वर्षांच्या पोराने मला सरळ उभं केलं आणि काही न सांगता मागून धक्का दिला. तोल सावरायला माझा उजवा पाय पुढे आला. तो म्हणाला, "सर, आप गूफी हैं।" डावा पाय पुढे ठेवणारा रेग्युलर, उजवा ठेवणारा गूफी, अशी ही विभागणी. वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या स्पष्टपणे हे कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याला उस्ताद म्हणू लागलो. नाव इथे लिहीत नाही, कारण वाचकांना माहीत आहे.

तर जूनमधल्या एका शनिवारी आम्ही टंगमर्गच्या वरच्या अंगाला, द्रंगच्या बाजूला, फिरोजपूर नाल्याकाठी पोहोचलो. अकरा पोरं, तीन पोरी, मी आणि युनिटमधले एक हवालदार, कोल्हापूरकडचे. परवानग्या रीतसर घेतल्या होत्या. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "घर असताना पावसात तंबूत कोण झोपतं रे?" तिला काय सांगणार? एनडीएत तिच्याच मुलाने दुसऱ्या टर्मला ग्रीनहॉर्न, चौथीला रोव्हर आणि सहावीला तोरणा असे तीन कॅम्प काढले होते, आणि खडकवासल्याचा पाऊस काही कॅडेटची टर्म विचारून पडत नाही.

तंबू कुठे लावायचे, असं पोरांनी मला विचारलं. मी आजूबाजूला नजर टाकली. वर उतार होता, ओबडधोबड, देवदार आणि बुडलूच्या मुळांनी भरलेला. खाली नाल्यालगत बारीक वाळूचा छान सपाट पट्टा होता, पाण्यापासून सहाएक फूट उंच. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. मी बोट दाखवलं. उस्ताद म्हणाला, "सर, यहाँ थोड़ा…" आणि थांबला. मी म्हटलं, "क्या?" तो म्हणाला, "कुछ नहीं, सर।" पंधरा मिनिटांत तंबू उभे राहिले.

चार वाजता पाऊस सुरू झाला आणि माझ्यातला ग्रीनहॉर्न जागा झाला. मी बाहेर पडून एकेका तंबूचे दोर सैल करू लागलो. आम्हाला शिकवलं होतंच तसं. जुन्या कॅनव्हासच्या तंबूंचे सुती दोर भिजले की आखडतात. वेळेवर सैल केले नाहीत तर खुंट्या उपटून निघतात किंवा कापड फाटतं. सहा तंबू झाले आणि मागून हसण्याचा आवाज आला. सगळे तंबू ओल्या गोणपाटासारखे लोंबत होते. सोळा वर्षांची एक पोरगी म्हणाली, "सर, यह नायलॉन है। भीगने पर ढीला होता है, कसना पड़ता है।" तिने माझ्या मागून फिरून सगळे दोर पुन्हा ताणले. हवालदारसाहेब दुसरीकडे बघत होते. ते हसत नव्हते, पण खांदे हलत होते.

संध्याकाळ मजेत गेली. पोरांनी एक जुना, कडा गंजलेला बोर्ड आणला होता. त्यावर बसून ओल्या गवतावरून घसरण्याचा प्रयोग झाला, मग त्याच बोर्डवर कांदा चिरला. राजमा शिजला. रात्री मोठ्या तंबूत गप्पा रंगल्या आणि अखेर फिरून २०२४च्या जानेवारीवर आल्या.

तो महिना गुलमर्गमध्ये कुणी विसरलेलं नाही. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, काश्मीरच्या थंडीचा गाभा. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो, उन्हाळ्यापर्यंत टिकतो आणि झऱ्यांना, नाल्यांना पाणी पुरवत राहतो. नंतर पडलेला बर्फ ऊन वाढताच निघून जातो. त्या वर्षी जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. मधल्या उतारांवर पिवळं गवत दिसत होतं. बर्फ आला तो महिन्याच्या अगदी शेवटी. पर्यटकांच्या दृष्टीने हा हुकलेला फोटो असतो. उस्तादच्या दृष्टीने तो अर्धा सीझन होता. त्याने उधारीवर बोर्ड घेतलेला, आणि शिकवायला उतारच नाही.

"मामू ने दुबई में स्टोर की नौकरी देखी है," तो हळूच म्हणाला. बाकीच्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. कुणी काही बोललं नाही. वर नायलॉनवर पाऊस वाजत होता.

रात्री दीडच्या सुमारास माझा तंबू कुणीतरी हलवला. "सर, उठिए। नाला बोल रहा है।"

मी बाहेर येऊन कान दिला. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, धप्प धप्प, जमिनीखाली कुणी जातं ओढावं तसा. तळाचे धोंडे गडगडत होते. टॉर्च मारला. संध्याकाळचं नितळ पाणी चहासारखं तपकिरी झालं होतं. वर डोंगरात कुठेतरी आमच्यापेक्षा खूप जास्त पाऊस कोसळला होता, आणि वितळणाऱ्या बर्फाचं पाणी होतंच. तरी पाणी अजून तीन फूट खाली होतं. मी तसं म्हणालोही, "अभी तीन फुट है।"

उस्तादने उत्तर दिलं नाही. तो सरळ पोरींच्या तंबूकडे गेला. मी वळून पाहिलं, तर हवालदारसाहेब माझ्याच तंबूच्या खुंट्या उपटत होते. मग मीही बॅगा उचलायला लागलो.

वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही सगळे उतारावर होतो. स्टोव्ह, भांडी, शिधा त्या गंजक्या बोर्डवर ठेवून दोघांनी स्ट्रेचरसारखा वर नेला. मी दोनदा माणसं मोजली, सोळा. वर एका गुज्जर कुटुंबाचा कोठा होता. म्हातारीने दार उघडलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता नून चहाचं पातेलं चढवलं. मीठ घातलेला तो गुलाबी चहा मला कधीच आवडला नव्हता. त्या रात्री तीन कप प्यालो.

पहाटे पाऊस थांबल्यावर खाली गेलो. वाळूचा पट्टा दिसत नव्हता. माझा तंबू होता साधारण त्या जागी बुडलूचं एक आख्खं खोड आडवं पडलं होतं आणि त्याच्यावरून पाणी जात होतं. आमचा एक प्रेशर कुकर गेला. दुसरं काही गेलं नाही.

नाल्याच्या पात्रात किंवा काठावर तंबू लावू नये, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः जवानांना शिकवलेलं आहे. सपाट वाळू ही पाण्यानेच आणून टाकलेली असते, एवढा साधा हिशेब. तरी सोयीची जागा दिसली आणि बोट दाखवलं. फौजेच्या सवयीप्रमाणे मी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, जागा मी निवडली होती, ती चूक होती, आणि चूक दुसऱ्या कुणाची नाही.

मग उस्तादला विचारलं, "कल तुम कुछ कहने वाले थे। बोले क्यों नहीं?"

तो बूट पुसत राहिला. मग म्हणाला, "सर, आपको कौन टोकेगा?"

हिवाळ्यात याच पोराने मला पाठीत धक्का दिला होता. पण बर्फावर तो उस्ताद होता. नाल्याकाठी मी फौजेचा कर्नल होतो आणि तो काश्मीरचा पोरगा. या दोघांमध्ये किती वर्षांचं न बोलणं साचलेलं आहे, हे मला त्या तीन शब्दांत ऐकू आलं. हवालदारसाहेबांकडे वळलो. "तुम्हाला वाटलं नव्हतं का?" ते म्हणाले, "वाटलं होतं साहेब. पण तुम्ही सांगितलंसा म्हटल्यावर…" म्हणजे प्रश्न नुसता काश्मीरचा नव्हता. माझाही होता.

आपल्या फौजेत कोर्ट मार्शलचा एक जुना नियम आहे. मत द्यायची वेळ आली की सर्वांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचं, अध्यक्षाने सर्वांत शेवटी. वरिष्ठाचं मत आधी ऐकलं की खालच्याची जीभ जड होते, हे ज्याने कुणी नियम केला त्याला माहीत होतं. मी तो नियम पाठ केला, परीक्षेत लिहिला, कोर्टात पाळला. तंबू लावताना आठवला नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा कॅम्प झाला. पोरांनी परत मला विचारलं, तंबू कुठे लावायचे? मी त्या सोळा वर्षांच्या पोरीकडे बोट केलं आणि गप्प राहिलो. गप्प राहणं जड गेलं, खोटं कशाला सांगू. तिने उतारावरची मुळांनी भरलेली जागा निवडली. रात्रभर पाठीत मूळ टोचत होतं.

त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोऱ्यात भरपूर बर्फ पडला. उस्तादचा मेसेज आला, "सर, शीन आ गया।" शीन म्हणजे बर्फ. दुबईचं काय झालं, हे मी विचारलं नाही. रविवारी गुलमर्गला गेलो, तेव्हा तो बोर्डला मेण लावत बसला होता.