यंत्राने ढोलकी होऊ नये

घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर ठेका माणसाच्या हाताचाच हवा, असं मी अनेक वर्षं ठामपणे सांगत आलो. भजनी मंडळात ढोलकी वाजवणाऱ्याचं असं मत असावं यात नवल नाही. पण त्यामागे नुसता अभिमान नव्हता. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, हळदीच्या मांडवात ऑक्टापॅड आला आणि ढोलकी, ताशा, खंजिरी वाजवणाऱ्यांच्या जागी आठ पॅडसमोर एकच माणूस उभा राहिला. बिदागी एकाची झाली. ज्यांच्याकडून मी ठेका शिकलो त्यांची कामं डोळ्यांदेखत कमी झाली. त्यामुळे पॅड, मॉड्यूल, ड्रम मशीन हे सगळं मी एकाच गाठोड्यात बांधून दूर ठेवलं होतं.

आज मीरा रोडच्या माझ्या घरात ड्रम मशीन आहे, आणि ते मी मनापासून वापरतो. जुन्या मताचा एक भाग मात्र अजूनही सोडलेला नाही. म्हणून काय बदललं आणि काय नाही, हे नीट मांडावंसं वाटतं.

सुरुवात गरजेतून झाली. मीरा-भाईंदरमधल्या आमच्यासारख्या नोकरदारांना लोकलचा प्रवास उरकून गाण्यासाठी वेळ मिळतो तो रात्रीच. इमारती एकमेकींना खेटून, भिंती पातळ. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. ढोलकीची एक खणखणीत थाप ती सहज ओलांडते. शेजारच्या घरात परीक्षा देणारी मुलं असतात, पहाटेच्या पाळीला निघणारी माणसं असतात. त्यांची झोप मोडून केलेलं संगीत मला नको होतं. म्हणून हेडफोनवर वाजवता येईल असं काही शोधू लागलो.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की मॉड्यूल आणि ड्रम मशीन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मॉड्यूल स्वतः काही वाजवत नाही. पॅडवर काठी पडली की आतला सेन्सर तो धक्का विजेच्या रूपात पाठवतो, आणि मॉड्यूल त्याच्या जोराप्रमाणे साठवलेला आवाज काढतं. ठेका हाताचाच राहतो. ड्रम मशीनमध्ये ठेका आपण आधी रचतो आणि ते तो अखंड चालवतं. हाताने वाजवणाऱ्याला मॉड्यूल जवळचं वाटणार, तसं मलाही वाटलं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक संच घेताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाळीच्या पॅडचा आवाज फारसा होत नाही, पण पायाने वाजवायच्या किकचा धक्का थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घरात पोहोचतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पायाचं पेडल टाळून हाताने वाजणारे पॅड घेतलेले बरे.

त्या काळात माझी निवड आवाजांच्या यादीवर ठरे. ढोलकी आहे का? तबला आहे का? जितके देशी आवाज जास्त, तितकं यंत्र चांगलं. मग एका लावणीच्या चालीवर मी त्या साठवलेल्या ढोलकीने ठेका धरला. प्रत्येक बोल स्वच्छ होता, तरी ठेका चालेना. ढोलकीवर डाव्या हाताचा घुमारा हा एक आवाज नसतो. पुडीवर मनगट दाबत तो ओढला जातो, आणि किती ओढायचा हे गाणारीच्या श्वासावर ठरतं. इलेक्ट्रॉनिक वाद्यं ज्या मिडी भाषेत बोलतात तिच्यात आघाताच्या जोराच्या १२७ पायऱ्या आहेत, पण त्या जोराच्या आहेत. ही ओढ त्यांत मावत नाही. सॅम्पल म्हणजे एका क्षणी, एका पुडीवर पडलेला एक आघात. तोच परत परत वाजला की कान लगेच ओळखतो.

इथे माझं जुनं मत आणखी पक्कं व्हायला हवं होतं. झालं उलट, आणि त्याला कारण ठरला १९८० सालचा इतिहास. त्या वर्षी दोन यंत्रं बाजारात आली. अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं. खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजवणारं ते पहिलं ड्रम मशीन, किंमत सुमारे ५,००० डॉलर. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ त्याच्या सुमारे चौथाई किमतीत मिळे. त्यात साठवलेला एकही आवाज नव्हता. सगळं विजेच्या मंडलांतून तयार होई. ते खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही, हीच त्याच्याविषयीची तक्रार होती. सुमारे १२,००० नग बनवून १९८३ मध्ये कंपनीने ते थांबवलं. पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या याच यंत्रावर हिप-हॉप आणि नृत्यसंगीत उभं राहिलं. नक्कल जमली नाही म्हणून नाकारलेला आवाज स्वतंत्र वाद्य म्हणून टिकला.

आणि हे आपल्या मुंबईतही घडलं होतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन वाद्यं घेऊन दहा रागांची तबकडी केली. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि शिकागोच्या ॲसिड हाउस संगीताशी तिचं साम्य ऐकून जगभरचे लोक थक्क झाले; शिकागोतलं ते संगीत तबकडीच्या नंतरचं होतं. ती ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. भैरव, यमन, मालकंस वाजतात, पण सिंगांनी ८०८ कडून तबला वाजवून घेतलेला नाही. यंत्र यंत्रासारखं सरळ चालतं, आणि त्याच्या सरळपणावर रागाची वळणं उठून दिसतात.

माझं मत बदललं ते इथे. वादकाची जागा यंत्र घेत नाही; यंत्राकडून करवून घेतलेली वादकाची नक्कल ती घेते. यंत्राला त्याचा स्वतःचा आवाज दिला की ढोलकीची जागा रिकामी राहते, आणि ती ढोलकीनेच भरावी लागते.

त्यामुळे यंत्र निवडण्याची माझी रीतही बदलली. आवाजांची यादी मी आता शेवटी बघतो. आधी बघतो की पॅटर्नची लांबी आपल्या मनासारखी ठेवता येते का. पॅटर्नच्या सोळा घरांत केरवा आणि भजनी ठेका नीट बसतो. पण दादऱ्याच्या अंगाच्या चालीला बारा घरं हवीत, रूपकाला चौदा. मग बघतो की वाजता वाजता आवाजाचा सूर आणि लांबी फिरवायला हाताशी बटणं आहेत का. प्रत्येक आवाज वेगळा बाहेर काढता येतो का, हे तिसरं. किक आणि हायहॅट एकाच तारेतून आले तर नंतर एकाला हात लावताना दुसरा बिघडतो. ठेक्याला झोल (स्विंग) देण्याची सोय हे चौथं. एवढं असलं तर पंधरा-सोळा आवाजांचं साधं मशीनही घरच्या कामाला पुरतं. आणि खरेदीआधी मुंबईत धोबी तलावला किंवा खारला वाद्यांच्या दुकानात जाऊन स्वतःच्या हेडफोनवर ते ऐकून यावं. ८०८ सारख्या यंत्राचा खोल किक फोनच्या स्पीकरवर उमटतच नाही.

जुन्या मतातलं मी काय राखलं आहे, तेही सांगतो. आमच्याच शहरात उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती घरांत लग्नाला घुमट वाजतो. मातीच्या मडक्याचं एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं उघडं. त्या उघड्या तोंडावर तळहात झाकत-उघडत वादक आवाज वळवतो. त्याचा एकेक आघात सॅम्पलमध्ये भरून लग्नात पॅडवर वाजवायला माझा आजही विरोध आहे. कार्यक्रमात ढोलकीचं बटण दाबून ढोलकीवाल्याची बिदागी वाचवायलाही आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मी रात्री मशीनवर गाण्याचा सांगाडा रचतो. ढोलकी लागली तर रविवारी दिवसा वादकाला बोलावतो, त्याचा मोबदला देतो आणि नाव लिहितो. पैसे कमी असले तर दोन गाण्यांऐवजी एकच करतो. नव्याने घरात स्टुडिओ मांडणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे: मशीन घ्या, निःसंकोच घ्या, पण खर्चाच्या हिशेबात वादकाची बिदागी आधी लिहा आणि उरलेल्या पैशांत यंत्र निवडा.