बुटातली कच

माजलगाव, रात्री ९. बॅग रिकामी करताना बुटातून चमचाभर काळी कच ओट्यावर सांडली. रियुनियन बेटावरच्या पितों द ला फूर्नेझची. उंची २,६३२ मीटर, आणि ज्वालामुखी अजून जागा.

उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून स्वेटर नेला नव्हता. पहाटे दात वाजत होते. दोलोम्यू विवराच्या कडेला धुकं फाटलं, तर खाली नुसता करडा खड्डा. लाव्हाबिव्हा काही नाही. हिरमुसलोच.

मग आठवलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड याच ज्वालामुखीखालच्या तप्त ठिकाणावरून सरकत होता, तेव्हा उसळलेल्या लाव्ह्यातून दख्खनचा कातळ घडला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. म्हणजे तो कातळ झिजून झालेली आमच्या शिवारातली चिकण काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, पऱ्हाटी पोसणारी, तिचं हे आजोळ! आणि आजोळी जायला मला पासपोर्ट लागला.

आईला सांगितलं. तिनं कच चिमटीत धरून चोळली.

"हिच्यात काय पिकतंय?" म्हणाली, अन् केरसुणीनं तुळशीच्या बुडाशी लोटली.