टेप्लिट्झचा नमस्कार

कल्याणहून ठाण्याकडे येणाऱ्या पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात डोकावलात, तर फुलांच्या पाट्या हमखास दिसतील. झेंडू, शेवंती आणि हारांसाठीचे सुटे गुलाब. हारातल्या गुलाबाला नाव विचारण्याची आपली रीत नाही. तो आपला 'गावठी'!

डोंबिवलीस माझ्या अक्काच्या अंगणात असेच एक 'गावठी' झुडूप आहे. फुले गडद लाल, मान तुकवलेली, आणि वास असा की जिन्यातच कळावा. गुलाबांच्या एका जाणकाराने ते पाहून नाव सांगितले, 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. म्हणजे टेप्लिट्झला नमस्कार.

"अरे, नमस्कार कळला, पण हे गाव कुठलं?" अक्का म्हणाली.

गाव बोहेमियातले, आपल्या वज्रेश्वरीसारखे गरम पाण्याच्या झऱ्यांचे. ही जात निर्माण करणारा रुडॉल्फ गेश्विंड (1829–1910) ऑस्ट्रिया-हंगेरीत वनाधिकारी होता. गुलाब कडाक्याच्या थंडीत तगावेत, या ध्यासाने त्याने अमेरिकेतल्या काटक रानगुलाबाशीही संकर केले. 1897 सालच्या या जातीच्या वंशात मात्र चिनी गुलाबाचा अंश मोठा. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण तिकडचा. हिमप्रदेशातले हे लेकरू आपल्या घामट हवेतही रमले, हे नवलच!

गेश्विंडच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह मारिया हेन्रिएटा खोटेक या सरदारकन्येने घेतला. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तिची बाग उजाड झाली. तरी हा गुलाब वाचला, कारण तोवर तो दूरदूरच्या अंगणांत पोचला होता. बियांतून अशी जात जशीच्या तशी उतरत नाही. कलमाकलमांनी, हातोहात, 1897 चे तेच झाड आपल्यापर्यंत चालत आले आहे.

आता अक्काची दुमजली इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. नव्या आराखड्यात अंगणाच्या जागी मोटारी उभ्या राहणार. म्हणून श्रावणात आम्ही पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या तिरप्या छाटून कुंड्यांत रोवल्या. चार फुटल्या. एक ठाण्यास माझ्या गॅलरीत आहे, एक कल्याणास भाचीकडे, दोन अक्काच्या शेजाऱ्यांकडे.

"माझ्यासाठी नाही ठेवलीस?" मी विचारताच अक्का हसली. "चार घरी असली की हवी तेव्हा मागून घेता येते. एकाच घरी असली तर कुणाकडे मागू?"

वाचकहो, गेश्विंडचा गुलाब याच हिशेबाने वाचला होता. तुमच्या अंगणात मोजणीची फीत पडण्याआधी एखादी काडी शेजारच्या कुंडीत जाऊ द्या. आणि जमल्यास तिचे नावही विचारून ठेवा.